अंगणातून गच्चीवर : आपल्या उन्हाळकामाचा इतिहास

सोसायटीची नोंदणी कधी झाली, प्लॉट कसे पाडले, पहिला बोअर कुठं घेतला आणि रस्त्यासाठी किती अर्ज केले, हा इतिहास याच स्मरणिकेत सचिवांच्या लेखात तुम्ही वाचालच. त्याला इतिवृत्ताची वही आहे, सह्या आहेत, शिक्के आहेत. मी ज्याबद्दल लिहिणार आहे त्याचं इतिवृत्त कुणीच ठेवलेलं नाही. हा इतिहास चैत्र-वैशाखात आपल्या गच्च्यांवर घडला. कुरडया, पापड, शेवया, खारोड्या आणि वाकळा यांचा हा इतिहास आहे. निरनिराळ्या गावांहून आलेली आपण माणसं एकमेकांचे शेजारी कशी झालो, याचं खरं उत्तर मला तरी तिथंच सापडतं.

थोडं मागं जाऊ. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपला हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तेव्हा बिदर जिल्ह्यात मोडायचे. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली. बिदर म्हैसूर राज्यात गेलं आणि आपले तालुके उस्मानाबाद जिल्ह्याला जोडून द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. 16 ऑगस्ट 1982 ला लातूर जिल्हा झाला आणि 1999 साली जळकोट तालुका झाला. माझ्या आजीनं उंबरठा न बदलता तीन राज्यं आणि तीन जिल्हे पाहिले. कचेरीचा कागद उर्दूतून मराठीत आला, शिक्के बदलले. अंगणातली बाज आणि तिच्यावर वाळणाऱ्या कुरडया मात्र होत्या तिथंच होत्या. गल्लीत मराठीबरोबर कानडी, तेलुगू आणि दखनी कानावर पडायची. कुणाकडं कुठलं वाळवण कसं करतात, हे बायका भाषेपेक्षा हातानंच एकमेकींना समजावून सांगायच्या.

या कामाला एक ठरलेली वेळ होती. होळी झाली, की रब्बीची ज्वारी, हरभरा, गहू घरात आलेला असायचा. शेतात काम कमी आणि ऊन मात्र भरपूर. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागायच्या आत वर्षाची बेगमी डब्यात भरून ठेवायची. मधे मिळायचे दोन-अडीच महिने. एकटीच्या हातानं हे उरकणं शक्यच नव्हतं. म्हणून आज हिच्याकडं, उद्या तिच्याकडं, अशी सावड असायची. शेतात गडीमाणसं सावड करायची, तशीच अंगणात बायका.

आजच्या मुलांना कुरडई म्हणजे तळणातला एक पदार्थ एवढंच माहीत असतं. म्हणून सांगते. गहू तीन दिवस भिजवायचे आणि रोज पाणी बदलायचं. मग वाटायचे, पिळून चीक काढायचा, तो रात्रभर बसू द्यायचा. पहाटे वरचं पाणी ओतून द्यायचं आणि चीक उकळत्या पाण्यात घालून शिजवायचा. त्यात गुठळी होऊ नये म्हणून एकीनं ओतायचं, दुसरीनं जिवाच्या करारानं हाटायचं. गरम असतानाच सोऱ्यात भरून घालायच्या. ऊन तापायच्या आत हे सगळं झालं पाहिजे, म्हणून तीन-साडेतीनला चूल पेटायची. उरलेल्या चोथ्याच्या भुसवड्या व्हायच्या. आम्हा पोरांना वाटीभर गरम चीक तूप-साखर घालून मिळायचा. त्याच्या आशेनं आम्ही न उठवता उठायचो.

हे कष्ट होते, यात शंका नाही. 'जुनं ते सोनं' म्हणून मी ते झाकणार नाही. खांदे भरून यायचे, तळहाताला फोड यायचे आणि एवढं करून घरचा स्वयंपाक काही चुकायचा नाही. तरीही आजी आणि आई उन्हाळ्याची वाट बघायच्या. का, हे मला लग्न होऊन संसारात पडल्यावर कळलं. वर्षभरात बाईला घराबाहेर चार बायकांत दुपारभर बसायचा हक्क एवढ्याच दिवसांत मिळायचा. हातात लाटणं असलं, की कुणी विचारायचं नाही, "इथं काय करायलीस?"

पापड लाटता लाटता सासूचं गाऱ्हाणं निघायचं, माहेरची आठवण निघायची. कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या घरात दुखणं आहे, कुणाला पैशाची नड आहे, हे तिथंच समजायचं आणि तिथंच चोळीच्या गाठीतून पैसे निघायचे. दोनच्या सुमाराला ऊन मी म्हणायला लागलं, की माळवदाखाली गार जमिनीवर सगळ्या आडव्या व्हायच्या. कुणी कुणाचं डोकं बघायचं, तेल घालून वेणी घालून द्यायचं. कुणी नुसतंच वाकळीला दोरा घालत बसायचं. आजकाल 'स्वतःसाठी वेळ काढा' असं डॉक्टर सांगतात. आजीनं तसा शब्द कधी वापरला नाही. "जीव हलका झाला बाई," एवढंच ती म्हणायची आणि चुलीकडं वळायची.

त्यातली कलाही बघा. वळवट करायला बसल्या, की एकाच पिठातून किती तऱ्हा निघायच्या! गव्हाच्या दाण्यासारखे गव्हले, नखानं दाबलेल्या नखुल्या, बोटाभोवती वळलेले बोटवे, काडीवर गुंडाळलेले सरगुंडे. लग्नाच्या रुखवतात हे मांडलं जायचं आणि आलेल्या बायका ओळखायच्या, "हे अमकीच्या हातचं दिसतंय." खाली सही नसायची, तरी नाव पोचायचं. वाकळीचंही तसंच. आजोबाचं धोतर, आईचं लुगडं, पोराचा सदरा एकावर एक घालून टाके घालायचे. तांड्यावरच्या बंजारा बायकांच्या भरतकामातली काच बघून आमच्या गल्लीत एकीनं वाकळीच्या कोपऱ्याला काच लावली होती. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं उन्हाळ्यात परत यायची, तेव्हा तांड्यावरही अशाच बैठका भरायच्या.

बायका काम करता करता किती निर्माण करून ठेवतात, याचा एक पुरावा पुण्यात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांच्या मदतीनं महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तो संग्रह एक लाखाच्या वर गेला. गिरणी आली, जातं थांबलं, तेव्हा त्या ओव्यांचं ठिकाणच गेलं. काम हलकं झालं हे चांगलंच झालं. पण कामाबरोबर बैठक गेली, की तिच्यातलं गाणंही जातं, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

बदल होत गेले. 15 मार्च 1959 ला मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटले आणि त्यातून 'लिज्जत' उभं राहिलं. जे काम घरात फुकट होत होतं, त्याचे पैसे होऊ शकतात, हे त्या गच्चीनं दाखवलं. 1970 साली कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' आलं आणि सासू-आईपासून दूर राहणाऱ्या मुलींना वाटी-चमच्याचं माप मिळालं. आमच्याकडं मात्र 1972 चा दुष्काळ पडला. पुढच्या उन्हाळ्यात आई आणि गल्लीतल्या निम्म्या बायका खडी फोडायला जात होत्या. त्या वर्षी अंगणात बाज रिकामी होती. पण दुपारी बाभळीखाली भाकरी सोडून बसायच्या त्या त्याच बायका. "पापड नव्हते गं, पण आम्ही होतो," असं आई सांगायची.

आता आपल्या सोसायटीकडं येऊ. तालुका झाला, कचेऱ्या आल्या, शाळा वाढल्या आणि उदगीर, अहमदपूर, मुखेड, देगलूर अशा चार दिशांनी आपण इथं येऊन राहिलो. घरं ओळीनं, गच्च्या एकमेकींना लागून आणि मधे कमरेएवढा कठडा. पहिलं वर्ष 'नमस्कार', 'जेवण झालं का' यातच गेलं. दुसऱ्या उन्हाळ्यात मुखेडच्या काकू चिकाचं पातेलं घेऊन एकट्याच हाटत होत्या. शेजारणीनं कठडा ओलांडला आणि पळी हातात घेतली. त्या दिवसापासून कठड्याचा उपयोग सोऱ्या ठेवायला होऊ लागला.

याच गच्चीवर जे घडलं ते मी मुद्दाम नोंदवून ठेवते आहे. माझी आत्या आमच्याकडं राहायची. एकोणिसाव्या वर्षी कुंकू पुसून ती माहेरी आली होती. तिच्या हातची शेवई दोऱ्यासारखी बारीक. पण घरात लग्नकार्य निघालं, की वळवटाला पहिला हात पाच सवाष्णींचा. आत्या मागच्या खोलीत पीठ मळून द्यायची. मळलेलं चालायचं, वळलेलं चालायचं नाही. यात काही चुकतंय असं तेव्हा कुणी बोललं नाही. आत्याही नाही.

सोसायटीतल्या एका लेकीचं लग्न ठरलं. गच्चीवर शेवयांचा पाट मांडला. आत्या सवयीनं जिन्यापाशी बसली. मुखेडच्या काकू म्हणाल्या, "आत्याबाई, पहिली शेवई तुम्ही वळायची." आत्या घाबरली. "नको माय, शुभकार्य हाय." दोघी-तिघी एकमेकींकडं बघायला लागल्या. एकीनं हळूच म्हटलंही, "रीत हाय ती." काकूंनी वाद घातला नाही. त्यांनी पाट उचलला आणि आत्यापुढं नेऊन ठेवला. मग नवरी मुलगी स्वतः उठली आणि आत्याला खेटून बसली. आत्याचा हात थरथरत होता. पहिली शेवई दोनदा तुटली. तिसऱ्यांदा ती पाटावरून सरळ ताटात उतरली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्या आपापल्या कामाला लागल्या, आणि आत्याला तेच बरं वाटलं असावं. त्या लेकीचा संसार छान चालला आहे. आत्या आता नाही. पण त्यानंतर आपल्या गच्चीवर पहिला हात कुणाचा, हा प्रश्न पुन्हा निघाला नाही. आपल्या सोसायटीनं केलेला हा सर्वांत मोठा ठराव आहे, असं मी समजते. तो कुठल्याही वहीत नाही.

2016 चा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. 12 एप्रिलला पहिली गाडी आली, तिच्यात पाच लाख लिटर पाणी होतं. आपल्याकडंही घागरी टँकरच्या रांगेत होत्या. गव्हाचं पाणी तीन दिवस बदलायला पाणी कुठलं? त्या वर्षी एकाही घरात कुरडई झाली नाही. पण गच्चीवर सवय होती म्हणूनच कुणाच्या घरी म्हातारं माणूस आहे, कुणाकडं बाळंतीण आहे, हे यादी न करता सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या घागरी आधी भरल्या गेल्या.

आणि 2020. मार्चच्या शेवटी सगळं बंद झालं आणि पुरुष मंडळी दिवसभर घरात. सुरुवातीला ते गच्चीवर मोबाइल घेऊन फेऱ्या मारायचे. मग एकानं सोऱ्या दाबून बघितला. दुसऱ्या दिवशी खांदा धरून बसले, तिसऱ्या दिवशी परत आले. "हे तुम्ही दरवर्षी करता?" हा प्रश्न मी त्या वर्षी तीन घरांतून ऐकला. अंतर राखून, तोंडाला रुमाल बांधून, आपापल्या गच्चीवरून केलेलं ते वाळवण. तेव्हा दहा-बारा वर्षांची असलेली मुलं अजून त्या चिकाची आठवण काढतात.

आज सगळं विकत मिळतं. बचत गटाच्या ताया उत्तम पापड करतात, त्यांना त्याचे चार पैसे मिळतात, ते घेतलेच पाहिजेत. सुनांना नोकऱ्या आहेत. पन्नास किलोचं वाळवण त्यांनी करावं, असं मी चुकूनही म्हणणार नाही. गच्चीवर टाक्या आल्या, सोलर आलं. कठडा उंच करून जाळी लावावी, असा एक विषयही सभेत येतो आहे. सुरक्षेसाठी जाळी जरूर लावा. मात्र त्यात एक दार ठेवा, एवढी माझी सभासद म्हणून मागणी आहे.

दुसरी मागणी सोपी आहे. दर वैशाखात एक रविवार ठरवू या. एकच पदार्थ, दोन-चार किलोचा, सगळ्यांनी मिळून. सोऱ्या दाबायला मुलगे, हाटायला जावई, वळवट शिकवायला आज्या. आपल्या सोसायटीत नखुल्या आणि सरगुंडे वळता येणाऱ्या बायका आता चारच उरल्या आहेत. मी मोजल्या आहेत. त्यांच्याजवळ बसून घ्या. दुपारी गाद्या टाका, पन्हं करा, मोबाइल खाली ठेवून या.

येत्या उन्हाळ्यासाठी पाट मी घासून ठेवला आहे. तो आत्याचाच आहे. पहिला हात ज्याला लावायचा असेल त्यानं पहाटे पाचला यावं. चीक गरम असेल.