तळचे मासे आणि काचेचे तळे

वसईच्या किनारपट्टीत वाढलेल्या माणसाला बावखल म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. घाटावरच्या श्रोत्यांसाठी मात्र दोन शब्द सांगतो. सोपारा, निर्मळ, नंदाखाल, भुईगाव, गास ह्या बाजूला वाडीच्या कडेला गोड्या पाण्याची लहान लहान तळी खोदलेली असत, अजूनही काही आहेत. त्यांना बावखल म्हणतात. समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि तरी पाणी गोडे! ह्याचे कारण असे, की पावसाचे पाणी वाळूत मुरते, ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने त्याच्यावर थर धरून राहते, आणि खड्डा खोदला की तेच वर झिरपते. काठावर रहाट, रहाटाला बैल नाही तर रेडा, आणि वर आलेल्या पाण्यावर केळी, पानवेली, भाजी, फुले. वसईच्या वाड्या ह्या पाण्यावर उभ्या राहिल्या.

आज बोलायचे आहे ते काचेच्या मत्स्यपेटीविषयी. तीही दगड मांडलेली, वनस्पती लावलेली आणि तळाशी राहणारे मासे पाळण्याजोगी. मग हे बावखल मध्येच कुठून आले, असे कुणी विचारील. सांगतो. साचलेल्या पाण्यात मासा जगतो कसा, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. बावखलात तो आपोआप सुटलेला असतो. काचेच्या पेटीत तो सोडवायला माणसाला एकोणिसाव्या शतकाची पन्नास वर्षे लागली.

मासे भांड्यात ठेवण्याची हौस फार जुनी आहे. चीनमध्ये सोनेरी मासे मातीच्या आणि चिनी मातीच्या कुंड्यांत कित्येक शतके पाळले जात. पण त्यांचे पाणी वारंवार बदलावे लागे. पाणी न बदलता मासा जगवायचा, ही खरी मेख होती. फ्रान्समध्ये जन्मलेल्या आणि सिसिलीत राहिलेल्या जान व्हिलप्र्यू-पॉवर ह्या विदुषीने १८३२ च्या सुमारास समुद्रातल्या प्राण्यांचे निरीक्षण करण्यासाठी काचेच्या पेट्या करून घेतल्या. लंडनमध्ये डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड ह्यांना १८२९ मध्ये असे आढळले, की बंद बाटलीत नेचा पाणी न घालता वाढतो. त्यांच्या काचेच्या पेट्यांतून पुढे रोपे बोटीने समुद्रापार जाऊ लागली. इंग्लंडमध्ये काचेवर जबर कर होता, तो १८४५ मध्ये उठला आणि काच स्वस्त झाली. एवढी तयारी झाल्यावर रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे रसायनशास्त्रज्ञ पुढे आले.

वॉरिंग्टनांचा प्रयोग शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावा, कारण त्यात एक अपयश आहे आणि त्या अपयशातच सगळा धडा आहे. १८४९ मध्ये त्यांनी बारा गॅलनचे एक काचेचे भांडे घेतले. तळाशी वाळू आणि चिखल घातला. त्यावर दगड असे रचले, की माशांना त्यांच्याखाली लपता यावे. व्हॅलिस्नेरिया ही लांब पट्टीसारख्या पानांची पाणवनस्पती लावली आणि दोन लहान सोनेरी मासे सोडले. हिशेब सरळ होता: मासे श्वासातून कर्बवायू सोडतील, वनस्पती तो घेऊन उजेडात प्राणवायू देईल. हिशेब बरोबरही होता. पण काही दिवसांनी वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, भांड्याच्या काचेवर हिरवा थर चढला. पाण्यात प्राणवायू होता, पण तळ नासत होता. तेव्हा वॉरिंग्टनांनी पाच-सहा तळ्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या. त्या कुजकी पाने खाऊ लागल्या आणि पाणी पुन्हा निवळ झाले. १८५० मध्ये त्यांनी ही हकीकत लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिबागेत मत्स्यगृह उघडले, आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस ह्यांच्या पुस्तकाने 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द घरोघर नेला.

म्हणजे बघा, मासा आणि वनस्पती ही जोडी पुरी पडली नाही. तळाशी पडलेले खाणारा तिसरा गडी हवाच होता.

आणि चौथाही हवा होता, तो डोळ्यांना दिसत नाही. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. तो माशाला विष आहे. श्लोझिंग आणि म्युंट्झ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८७७ मध्ये दाखवले, की मातीत अमोनियाचे नायट्रेट होते ते जिवाणूंमुळे. विनोग्राद्स्की ह्या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास ते जिवाणू वेगळे काढून दाखवले. एक जात अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट बरेच निरुपद्रवी, आणि वनस्पतीला खत. हे जिवाणू वाळूच्या कणांवर, दगडांच्या खडबडीत अंगावर, पानांवर वस्ती करतात. वॉरिंग्टनांच्या वाळूत आणि चिखलात ते काम करीतच होते; त्यांना ठाऊक नव्हते एवढेच. आमच्या वाडीवाल्यांनाही ठाऊक नव्हते. पण बावखलाचा गाळ केळीच्या बुंध्याशी टाकला की केळ कशी जोमाने वाढते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आता तळाच्या माशांकडे वळू. आपल्याकडच्या लोकांनी ते कधीच ओळखले होते. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने, सोमेश्वर तिसरा ह्याने, 'मानसोल्लास' ह्या संस्कृत ग्रंथात माशांवर एक प्रकरणच घातले. त्याला सातशे वर्षे होऊन गेल्यावर विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा लष्करी अधिकारी दख्खनची पाहणी करीत हिंडला. त्याने भीमा, मुळा-मुठा ह्या नद्यांतले मासे जमवले आणि त्यांचे वर्णन १८३८-३९ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे ठेवले. साहेबाने एक गोष्ट मात्र फार चांगली केली. भोई आणि कोळी ज्या नावाने मासा ओळखत, तेच नाव त्याने शास्त्रात घातले. म्हणून जगभरच्या ग्रंथांत आज खुद्री आहे, शिंगटी आहे, मळ्या आहे, आणि मुरीही आहे. साइक्सने ते नाव ऐकले तसे 'मूरेह' लिहिले, आणि त्या माशाच्या शास्त्रीय नावात ते अजून टिकून आहे. लंडनचा विद्वान असो की टोकियोचा, ह्या माशाचे नाव घेताना त्याला मराठी बोलावे लागते. आमच्या पोरांना मात्र गोल्डफिश ठाऊक असतो आणि मुरी ठाऊक नसते!

मुरी हा बोटाएवढा लांबट मासा. तोंड खालच्या बाजूला, तोंडाभोवती बारीक मिशा. त्या मिशांनी ती वाळू चाचपते, किडे-अळ्या शोधते, घाबरली की काही जाती वाळूत शिरतात आणि डोळे तेवढे वर ठेवतात. काही मुऱ्यांची आणखी गंमत अशी, की पाण्यातला प्राणवायू कमी पडला की त्या सर्रकन वर येऊन हवेचा घोट गिळतात आणि आतड्यातून तो शोषतात. मळ्याची तऱ्हा वेगळी. त्याच्या हनुवटीखाली एक चकती असते, तिने तो वाहत्या ओढ्यात दगडाला धरून राहतो आणि दगडावरचे शेवाळ खरवडून खातो. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पुढे संचालक झालेले डॉ. सुंदरलाल होरा ह्यांनी ओढ्याच्या जोरात टिकून राहणाऱ्या अशा प्राण्यांचा अभ्यास केला. त्यांचा १९३० मधला निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. नुसता सपाट झालेला माशाचा पोटवळा आणि त्याचे ओठ पाहून तो कसल्या पाण्यातला, हे ते सांगत.

तिसरा एक मासा सांगतो, कारण त्याच्याबाबतीत थोडे दुःख आहे. पिवळट अंगावर काळसर पट्टे असलेली 'झेब्रा लोच' १९२० मध्ये सी. आर. नारायण राव ह्यांनी शिमोग्याजवळच्या तुंगा नदीतून वर्णिली. ती कृष्णेच्या वरच्या खोऱ्यात, आपल्या महाराष्ट्रातही आहे. दिसायला देखणी, म्हणून परदेशच्या मत्स्यपेट्यांत तिला मोठी मागणी. जागतिक यादीत ती आता धोक्यातल्या जातींत मोडते. नदी बिघडणे हे एक कारण, आणि शौकासाठी पकडणे हे दुसरे.

सार्वजनिक मत्स्यालये आपल्याकडे लवकर आली. मद्रासच्या किनाऱ्यावर १९०९ मध्ये एक उघडले. मुंबईत मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांनी केले. २०१५ मध्ये त्याचे नूतनीकरणही झाले. वसई-विरारकडच्या कित्येक शाळांच्या सहली विरार गाडीने चर्नी रोडला उतरून तिथे गेल्या. मुले काचेला नाक लावून रंगीत मासे पाहत. पण शाळेत शिकवायला लहानशी पेटीच बरी, कारण तिच्यात तळ जवळून दिसतो.

ती कशी मांडावी? तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच पेटी काठोकाठ भरली तर सुमारे १३० लिटर पाणी मावते. म्हणजे नुसत्या पाण्याचा भार १३० किलो, दगड-वाळू निराळी. तेव्हा डुगडुगणारे शाळेचे टेबल चालणार नाही. दगड आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण घ्यावा. तो पाण्यात काही सोडत नाही. शंका असेल तर दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकून बघा. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे, तो पाणी जड करतो. वॉरिंग्टनांनी चुनखडीचाच दगड वापरला होता, सोनेरी माशांना तो चालला. घाटातल्या हलक्या पाण्याच्या माशांना तो नको. अर्नाळा-कळंबच्या किनाऱ्यावरची वाळू तर मुळीच नको. तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. नदीची बारीक, गोलसर कणांची वाळू अनेकदा धुऊन दोन इंच जाडीची पसरावी. धारदार खडी घातली तर मुरीच्या मिशा झिजतात आणि तिला जखमा होतात.

एक गोष्ट बहुतेक जण उलटी करतात. आधी वाळू पसरतात आणि वर दगड ठेवतात. मुरी खाली उकरते, दगड कलंडतो, आणि मासा दबतो नाही तर काच तडकते. म्हणून आधी तळाच्या काचेवर दगड पक्के बसवावेत, दोन दगडांवर तिसरा आडवा ठेवून कपार करावी, मग भोवतीने वाळू घालावी. प्रत्येक माशाला एक कपार हवीच. हे मासे उजेडाला बुजतात. लपायला जागा मिळाली तरच बाहेर येतात, हे ऐकायला उलटे वाटते खरे. वनस्पतींत व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला बऱ्या. दोन्हींची नावे शाळेच्या पुस्तकांत असतातच.

नळाचे पाणी एक-दोन दिवस उघड्यावर ठेवून मग भरावे, म्हणजे क्लोरीन उडून जातो. पण लगेच मासे सोडू नका. तो अदृश्य चौथा गडी वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. मुलांना धीर धरवत नाही, मान्य आहे. तोवर गोगलगाई सोडाव्यात आणि मुलांकडून रोजची टिपणे लिहवून घ्यावीत. शांत पाण्याच्या पेटीत वाळूतल्या मुऱ्या पाच-सहा ठेवाव्यात. मळ्या ठेवायचा तर पाणी खेळते ठेवणारा पंप हवा, एरवी त्याचे हाल होतात. खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी आणण्याचा मोह वसईच्या मुलांना होईलच. तिला खारे पाणी आणि चिखल लागतो, तेव्हा तिला खाडीतच राहू द्यावे. आणि तुंगारेश्वर हे २००३ पासून अभयारण्य आहे, तिथल्या ओढ्यातून काही उचलायचे नाही.

राहता राहिली बावखले. रहाट गेले, पंप आले, आणि गेल्या काही दशकांत वस्ती वाढली तशी कित्येक बावखले भरावाने, कित्येक कचऱ्याने बुजली. काही गावांत लोकांनी गाळ उपसून ती पुन्हा जिवंत केली, हे कौतुकाचे. पण जी उरली त्यांना दुसराही धोका आहे, आणि तो आपल्याच पेटीतून जातो. डासांच्या अळ्या खातात म्हणून गप्पी मासे विहिरी-तळ्यांत सोडले गेले. आफ्रिकेतला तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला, तो आता जिथे तिथे आहे. काच साफ ठेवतो म्हणून विकला जाणारा दक्षिण अमेरिकेतला सकर मासा मोठा झाला की लोक जवळच्या तळ्यात टाकतात. देशातल्या अनेक नद्या-तलावांत तो आता तळ उकरीत बसला आहे आणि जाळी फाडतो.

मे महिन्याच्या सुटीत शाळा बंद व्हायची वेळ आली, की कुणीतरी म्हणणारच, "गुरुजी, मासे बावखलात सोडून देऊ." तेवढे करू नका. जवळ राहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी पेटीची व्यवस्था लावावी. छाटलेल्या पाणवनस्पतीही उन्हात कडकडीत वाळवून मगच खताच्या खड्ड्यात टाकाव्यात. पेटीतले पाव हिस्सा पाणी दर पंधरवड्याला बदलावे, आणि काढलेले पाणी मोरीत न ओतता शाळेच्या आवारातल्या केळीला घालावे.