महाराष्ट्रातील श्रमिक स्थलांतर आणि राजकीय पक्ष

महाराष्ट्रातील श्रमिकांच्या स्थलांतराविषयी राजकीय पक्षांच्या भूमिका प्रामुख्याने तीन विषयांभोवती मांडल्या गेल्या आहेत: स्थानिकांना नोकऱ्यांत प्राधान्य, गावातच कामाची हमी आणि ऊसतोड कामगारांचे कल्याण. जिल्ह्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात हंगामापुरते जाणारे शेतमजूर यांपैकी पहिल्या आणि तिसऱ्या विषयाच्या कक्षेबाहेर राहतात. नाशिक जिल्ह्यातील विंचूर परिसरात येणारे मजूर प्रामुख्याने या प्रकारात मोडतात.

विंचूर परिसर

निफाड तालुक्यातील विंचूर येथे लासलगाव कृषी उत्पन्न बाजार समितीचा उपबाजार आणि औद्योगिक विकास महामंडळाचे वाइन पार्क आहे. भोवतालच्या शिवारात द्राक्ष व कांदा ही प्रमुख पिके आहेत. द्राक्षाची छाटणी, विरळणी व काढणी तसेच कांद्याची लागवड व काढणी या कामांना थोड्या दिवसांत मोठे मनुष्यबळ लागते. त्यासाठी सुरगाणा, पेठ यांसारख्या आदिवासी तालुक्यांतील कुटुंबे खरिपाची कामे आटोपल्यावर निफाड व दिंडोरी तालुक्यांत येतात. डोंगराळ जमीन आणि पावसाळ्यानंतर सिंचनाचा अभाव ही या स्थलांतराची मुख्य कारणे आहेत.

स्थानिकांना प्राधान्य

१९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेने मराठी माणसाच्या नोकऱ्यांचा प्रश्न राजकारणाच्या केंद्रस्थानी आणला. २००८ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या आंदोलनानंतर नाशिक व पुणे येथून अनेक उत्तर भारतीय कामगार परतले. शिवसेना, राष्ट्रवादी काँग्रेस व काँग्रेस यांच्या २०१९ च्या किमान समान कार्यक्रमात स्थानिक तरुणांना ८० टक्के नोकऱ्या देणाऱ्या कायद्याचे आश्वासन होते.

रोजगाराची हमी

१९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या संकल्पनेवर आधारित रोजगार हमी योजना राज्यभर राबवली गेली. तिचा कायदा १९७९ मध्ये अमलात आला. काँग्रेसप्रणीत आघाडीच्या २००४ च्या किमान समान कार्यक्रमातून २००५ चा राष्ट्रीय कायदा आला. त्याने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवस कामाची हमी दिली. मार्च २०१८ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाशी संलग्न किसान सभेने नाशिक ते मुंबई पायी मोर्चा काढला. कसत असलेली वनजमीन नावावर करणे ही त्याची प्रमुख मागणी होती; सुरगाण्यातील शेतकरी त्यात मोठ्या संख्येने होते.

ऊसतोड कामगार

बीड जिल्ह्याच्या राजकारणात ऊसतोड कामगार हा संघटित मतदारवर्ग आहे. भारतीय जनता पक्षाचे नेते गोपीनाथ मुंडे यांनी त्यांचे नेतृत्व केले. त्यांच्या नावाच्या कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळप उसावर प्रतिटन १० रुपये घेण्याचा निर्णय महाविकास आघाडी सरकारने घेतला. द्राक्षबागांतील मजुरांच्या बाबतीत कारखान्यासारखा एकच मोठा घटक नसतो. काम असंख्य लहानमोठ्या बागाईतदारांकडे विभागलेले असते.

कायदा आणि मतदान

१९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा ठेकेदारामार्फत दुसऱ्या राज्यातून आणलेल्या कामगारांना लागू होता. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने स्वतःहून आलेल्यांचाही समावेश केला. परंतु राज्याची सीमा ओलांडण्याची अट कायम राहिली. त्यामुळे सुरगाण्याहून विंचूरला आलेला मजूर या व्याख्येत बसत नाही.

मतदार नोंदणी सर्वसाधारण निवासाच्या ठिकाणी होते. सुरगाणा कळवण विधानसभा मतदारसंघात, तर विंचूर येवला मतदारसंघात मोडते. दोन्ही दिंडोरी लोकसभा मतदारसंघाचे भाग आहेत. त्यामुळे खासदार तोच राहिला, तरी मजूर जिथे काम करतो तेथील आमदाराचा तो मतदार नसतो. निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव मांडला; त्यास अनेक विरोधी पक्षांनी आक्षेप घेतला. हा प्रस्तावही स्वगृहापासून दूर राहणाऱ्या देशांतर्गत स्थलांतरितांना गावी न जाता मतदान करता यावे, यापुरता होता. मत मूळ मतदारसंघातच मोजले जाणार होते.