भाऊबंदकी : एका शब्दाचा इतिहास

‘अमक्यांच्या घरात भाऊबंदकी आहे’ असे कोणी म्हटले, की पुढे काही विचारावे लागत नाही. बांध, वाटप, कोर्टाच्या तारखा आणि एकमेकांच्या दारी लग्नकार्यासही न जाणे, हे सारे ऐकणाराच्या ध्यानी येते. या शब्दास हा अर्थ कसा चिकटला, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने पाहावे, असे आम्हांस वाटले.

शब्दाच्या घडणीत भांडणाचा मागमूसही नाही. ‘भाऊ’ हा ‘भ्रातृ’पासून आलेला, ‘बंद’ हे ‘बंधु’चे बोलीतील रूप; म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगितलेली. शेवटचा ‘की’ माणुसकी, आपुलकी, पाटीलकी यांतलाच. तेव्हा भाऊबंदकी म्हणजे मुळात भाऊबंदांचे नाते, इतकेच. सोयरीक जमते ती सोयऱ्यांशी; सुतक धरावयाचे ते भाऊबंदांचे.

परंतु ज्याचे सुतक त्याचा वाटा, आणि गोम येथेच आहे. पाटीलकीचे वतन म्हणजे केवळ इनाम जमीन नव्हे. त्यात हक्क आले, मानपान आले. होळीस पहिली पोळी कोणाची, पोळ्यास पुढचा बैल कोणाचा, हेही आले. जमिनीचे दोन तुकडे होतात. पुढच्या बैलाचे होत नाहीत. म्हणून वडीलपणाचा वाद बापाकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे वतनाबरोबरच उतरत असे. परक्याशी तंटा होतो, कज्जा होतो. भाऊबंदकी व्हावयास समाईक काही असावे लागते.

आपल्या करमाळ्याच्या इतिहासावरून हा भेद स्पष्ट होईल. फलटणच्या निंबाळकरांची सोयरीक छत्रपतींच्या घराण्याशी. सईबाई त्याच घरच्या. उलट करमाळ्याचे रावरंभा निंबाळकर अठराव्या शतकात निजामाच्या पदरी होते. निंबाळकर दोन्हीकडे, म्हणून यास कोणी भाऊबंदकी म्हणतात. आम्हांस ते पटत नाही. धनी निराळे असणे ही एक गोष्ट, एकाच वतनावर दोघांनी हात ठेवणे ही दुसरी. पेशवाईचे तसे होते. ते पद एकच, आणि ता. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, त्यामागे चुलते रघुनाथरावांचा त्याच पदावरील डोळा होता. कृ. प्र. खाडिलकरांनी १९०९ साली या प्रकरणावरील नाटकास ‘भाऊबंदकी’ हेच नाव दिले, ते यथार्थच होय.

असे वाद गोतसभेपुढे येत. वादी-प्रतिवादी तकरीर लिहून देत, निवाडा मान्य करण्यास जामीन देत, आणि मग गोत महजर करी. जिंकणारा हरकी भरी, हरणारा गुन्हेगारी. न्यायास बसलेले पुष्कळसे नात्यातले किंवा शेजारच्या गावचे असत. निवाड्यानंतरही त्यांस दोघांच्या घरी जावे लागे. आजच्या न्यायाधीशास ती अडचण नाही, आणि वादी-प्रतिवादीसही नाही!

१ जानेवारी १९६३ पासून महाराष्ट्रातील मुलकी पाटीलकी संपली. पुढच्या बैलाचा हक्क कायद्याने उरला नाही, तरी वाद विहिरीच्या पाळीवर आणि बांधावर येऊन बसला. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीही जन्मतः वाटेकरी झाल्या. तेव्हा भाऊबंद कोणास म्हणावे, हाही प्रश्न नव्याने उभा आहे.

आपल्या समाजातील कित्येक घरी जुने महजर व वाटणीपत्रे पेटीत पडून आहेत. बहुधा मूळ कागद एका घरी आणि नक्कल ज्या घराशी बोलणे नाही तेथे, असा प्रकार असतो. दोन्ही घरांनी आपापल्या प्रती मंडळाकडे पाहण्यास द्याव्यात, अशी आमची विनंती आहे. त्या ताडून पाहावयाच्या, तर एका मेजावर ठेवाव्या लागतील.