कान शाबूत, तरी बोल निसटतो

माणसाचा कान किती सूक्ष्म आवाज टिपतो, हें मोजण्याची खटपट जुनी आहे. एकोणिसाव्या शतकांतील वैद्य खिशांतलें घड्याळ कानापासून हळूहळू दूर नेत व टिकटिक कोठवर ऐकूं येते तें पाहात. 1879 सालीं लंडन येथें डेव्हिड ह्यूज यांनीं विजेवर चालणारा श्रवणमापक तयार केला. पुढें 1920 नंतर निर्वात नळ्यांचीं यंत्रें आलीं आणि एकसुरी ध्वनि ऐकवून श्रवणाची पातळी डेसिबलमध्यें मांडण्याचा प्रघात पडला. या साऱ्या परीक्षांचा प्रश्न एकच: मंद आवाज ऐकूं येतो कीं नाहीं? गलक्यांतून बोलणें उमगतें कीं नाहीं, हें त्यांनीं विचारलेंच नाहीं.

त्यामुळें एक तक्रार दीर्घकाल बेवारस राहिली. परीक्षेंत कान निर्दोष ठरावा, आणि लग्नघरीं शेजारच्याचें वाक्य मात्र हातीं लागूं नये! अशा माणसास ‘याचें लक्षच नसतें’ असा बोल लावून घरचे मोकळे होत.

या कोड्याचा उलगडा 2009 सालीं अमेरिकेंत बॉस्टन येथें होऊं लागला. शेरन कुजावा व चार्ल्स लिबरमन यांनीं उंदरांना मोठा गोंगाट ऐकविला. कांहीं दिवसांनीं त्यांची श्रवणपातळी पूर्ववत् झाली. परंतु अंतःकर्णांतील रोमपेशी व मज्जातंतु यांना जोडणारे सांधे कांहीं भागांत निम्म्यापर्यंत नष्ट झाले होते. मंद आवाज टिपण्यास उरलेले तंतु पुरतात; गलबल्यांतून शब्द निवडण्यास ते अपुरे पडत असावेत, असें अनुमान निघालें. 2011 सालीं लंडनमधील संशोधकांनीं या स्थितीस ‘लपलेला श्रवणऱ्हास’ असें नांव दिलें.

म्हैसूर येथें 1965 सालीं स्थापन झालेल्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेंतील संशोधकांनीं 2012 सालीं आगगाडीच्या चालकांविषयींचा अभ्यास प्रसिद्ध केला. चालकांची श्रवणपातळी 25 डेसिबलच्या आंत, म्हणजे निर्दोष होती. तरीहि गोंगाटांतील बोलणें ओळखण्यांत ते इतरांहून मागें पडले.

गोंगाटांत आयुष्य घालविणारे केवळ चालकच नव्हेत. इंदापूर तालुक्यांत लासुर्णें गांवाजवळ वालचंदनगरचा साखर कारखाना 1930 नंतरच्या दशकांत उभा राहिला, आणि उसाच्या चरकांचा खडखडाट या भागांतील कामगारांच्या नित्याचा झाला. जिवंत माणसाच्या कानांतील सांधे मोजण्याचें साधन अद्याप नाहीं. तोंवर अशा कामगारानें जेवतांना ‘पुन्हां सांग’ म्हटलें, तर त्यास बेपर्वा ठरविण्यापूर्वीं घरच्यांनीं क्षणभर थांबावें, समोर बसावें आणि पुन्हां सांगावें.