शेवटच्या डब्याचा लाल दिवा



मागच्या हिवाळ्यात डून लेरीच्या बंदरावरून घरी येत होतो. सिग्नलला एका सायकलवाल्याने काचेवर टकटक केलं. म्हणाला, "तू ब्रेक मारलास की डावा दिवा उजळत नाही, उलट विझतो." मागच्या सीटवर मुलं होती. असा किती दिवस हिंडत होतो कोण जाणे!

त्या निमित्ताने थोडा इतिहास चाळला. हेडलाइट आपल्याला दिसावं म्हणून, टेल लाइट आपण दुसऱ्याला दिसावं म्हणून. हे शहाणपण रेल्वे फार महागात शिकली. आमच्या गावात (तेव्हाचं किंग्जटाउन) डब्लिनहून रेल्वे आली १८३४ साली, बोरीबंदर-ठाणे गाडीच्या १९ वर्षं आधी. पुढे १८८९ मध्ये आर्मा इथे सहलीची एक गाडी चढावर अडकली. तिचे मागचे डबे सोडवले, ते उतारावर सुटले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसं गेली, त्यांत कितीतरी मुलं. त्याच वर्षी कायदा झाला आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी, ही पद्धत सक्तीची झाली. त्यात शेवटच्या डब्याचा दिवा महत्त्वाचा. तो दिसला की सिग्नलमनला कळायचं, गाडी पूर्ण आली, मागे काही राहिलं नाही. आपल्याकडे शेवटच्या डब्यावर 'एलव्ही'ची पाटी असते ती याचसाठी.

मोटारींना आधी रॉकेलचे दिवे होते. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र आले, मग हळूहळू सगळीकडे. पार्किंग आणि टेल लाइटला किल्लीची गरज सहसा नसते, कारण इंजिन बंद करून कडेला उभी केलेली गाडीही दिसायला हवी. बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्या बाजूला वेगळा फ्यूज असतो, म्हणजे दोन्ही बाजू एकदम अंधारात जात नाहीत. टेलचा फिलामेंट जेमतेम ५ वॅटचा, ब्रेकचा २१ वॅटचा. पुष्कळदा दोन्ही एकाच बल्बमध्ये. करंट परत जायची वाट म्हणजे गाडीची बॉडी, अर्थात अर्थिंग.

माझ्या जुन्या गाडीचं तिथेच बिनसलं होतं. खाऱ्या हवेने अर्थिंगचा स्क्रू गंजलेला. एरवी टेलचा करंट ब्रेकच्या फिलामेंटमधून उलटा जाऊन उजव्या दिव्याच्या अर्थिंगने निसटत होता, म्हणून दिवा लागायचा. ब्रेक दाबला की त्या वाटेच्या दोन्ही टोकांना १२ व्होल्ट, मग करंट वाहणार कुठे? पॉलिश पेपरने स्क्रू घासला, काम झालं. खर्च शून्य!

रेल्वेत मागचा दिवा बघायला दुसरा माणूस नेमलेला होता. मोटारीत तो नाही. त्यात २०११ पासून युरोपात नव्या मॉडेलांना दिवसा पुढचे दिवे आपोआप लागतात, मागचे लागतीलच असं नाही. तेव्हा मंडळी, आज रात्री गाडी भिंतीकडे पाठ करून लावा, ब्रेक दाबा आणि आरशात बघा. दोन्हीकडे लाल उजेड दिसला, तरच गाडी पूर्ण आली म्हणायची.