वेळापूर

वेळापूर : महाराष्ट्राच्या सोलापूर जिल्ह्यातील यादवकालीन मंदिर, मराठी शिलालेख व वीरगळ यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव. ते माळशिरस तालुक्यात, अकलूजच्या दक्षिणेस सुमारे ११ किमी. व पंढरपूरच्या वायव्येस सुमारे ३२ किमी. अंतरावर, आळंदी–पंढरपूर पालखी मार्गावर वसले आहे. भोवतालचा प्रदेश अवर्षणप्रवण पठाराचा असून प्राचीन काळी तो माणदेशात मोडत असे. नीरा उजव्या कालव्यामुळे माळशिरस तालुक्याच्या बऱ्याच भागात ऊसशेती वाढली. त्यापूर्वी येथील शेती मुख्यत्वे पावसावर व विहिरींवर अवलंबून होती.

इंग्लंडमधील अनेक खेड्यांचा मध्ययुगीन इतिहास १०८६ मध्ये तयार झालेल्या ‘डूम्सडे बुक’ या राजकीय मोजणी-नोंदीपासून सांगता येतो. महाराष्ट्रातील खेड्यांसाठी तशी एकत्रित नोंद नाही. येथे ते काम देवळाच्या भिंती, तुळया आणि सुट्या शिळा यांवर कोरलेल्या लेखांनी केले आहे. वेळापूर हे त्याचे चांगले उदाहरण होय. गावाला निश्चित कालखंडाशी जोडणारा आधार म्हणजे येथील शके १२२२ (इ.स. १३००) व शके १२२७ (इ.स. १३०५) या वर्षांचे शिलालेख. दोन्ही लेख देवगिरीचा यादव राजा रामचंद्र ऊर्फ रामदेवराव (कार. १२७१–१३११) याच्या काळातील आहेत. शके १२२२ च्या लेखात राजाच्या नावानंतर माणदेशचा कारभार पाहणारा ब्रह्मदेवराणा याचा उल्लेख येतो आणि त्याचा भाऊ बाइदेवराणा याने वटेश्वर देवाचा मठ बांधल्याची नोंद आहे. शं. गो. तुळपुळे यांच्या प्राचीन मराठी कोरीव लेख (१९६३) या संग्रहात वेळापूरच्या लेखांचा समावेश आहे.

या लेखांचे महत्त्व त्यांच्या काळामुळे वाढते. अलाउद्दीन खल्जीने १२९६ मध्ये देवगिरीवर अचानक स्वारी करून रामदेवरावाकडून प्रचंड खंडणी घेतली, तर १३०७ मध्ये मलिक काफूरने देवगिरी पुन्हा जिंकून राजाला दिल्लीस नेले. वेळापूरचे दोन्ही लेख या दोन आघातांमधील आहेत. राजधानीची सत्ता खिळखिळी झाली असतानाही दूरच्या माणदेशात राजाच्या नावाने कारभार चालू होता, मठ उभारले जात होते आणि त्यांची नोंद दगडावर होत होती, असे त्यांवरून दिसते. यादवांची सत्ता १३१८ मध्ये पूर्णपणे संपुष्टात आली. त्यानंतर हा मुलूख बहमनी व पुढे आदिलशाही अंमलाखाली गेला. गाव व त्याचे देवस्थान मात्र टिकून राहिले.

भाषेच्या दृष्टीनेही हे लेख उल्लेखनीय आहेत. ज्ञानेश्वरी शके १२१२ (इ.स. १२९०) मध्ये सिद्ध झाली. शके १२२२ चा लेख त्यानंतर अवघ्या दहा वर्षांचा आहे. ज्ञानेश्वरीचा मूळ हस्तलेख उपलब्ध नसल्याने तिच्या भाषेवर नंतरच्या नकलांचे संस्कार झालेले असू शकतात. शिलालेखात असा फेरबदल सहसा होत नाही. म्हणून ज्ञानेश्वरकालीन मराठीची रूपे पडताळण्यास या प्रकारच्या लेखांचा मोठा उपयोग होतो.

गावातील प्रमुख वास्तू म्हणजे अर्धनारीनटेश्वराचे हेमाडपंती मंदिर. हेमाडपंती हे नाव यादवांचा मंत्री हेमाद्री याच्यावरून पडले असले, तरी चुन्याशिवाय घडीव दगड एकमेकांत बसविण्याची ही बांधणी त्याच्याही पूर्वीची आहे. गाभाऱ्यात शाळुंकेवर लिंगाऐवजी शिवपार्वतीची काळ्या पाषाणातील मूर्ती आहे. देवाचे नाव अर्धनारीनटेश्वर असले, तरी मूर्तिशास्त्रदृष्ट्या ती अर्ध्या स्त्रीदेहाची व अर्ध्या पुरुषदेहाची नसून एकत्र बसलेल्या उमा-महेश्वरांची आहे. चैत्रात देवाची यात्रा भरते. मंदिर परिसरात वीरगळ आढळतात. वीरगळाच्या खालच्या भागात सामान्यतः युद्धाचा प्रसंग, त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा व सर्वांत वर शिवपूजा कोरलेली असते. अशा बहुतेक शिळांवर नाव नसते. मठ बांधणाऱ्या राण्याचे नाव लेखामुळे उरले, पण लढून पडलेले गावकरी केवळ शिल्परूपानेच स्मरणात राहिले आहेत.

वारकरी परंपरेतही गावाला स्थान आहे. ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिले. आषाढी वारीत ही पालखी माळशिरसनंतर वेळापूरला मुक्काम करते व तेथून भंडीशेगावकडे जाते. गावाजवळील उतारावर वारकरी ‘धावा’ करतात. येथून पंढरीचा कळस दिसताच संत तुकाराम धावत सुटले, अशी त्यामागील श्रद्धा आहे. ज्यांच्या समाधीनंतर (१२९६) चारच वर्षांनी येथे मराठी लेख कोरला गेला, त्या ज्ञानेश्वरांच्या पादुका दरवर्षी याच गावी विसावतात.

वेळापूरचा हा वारसा पूजेतील व वापरातील असल्यामुळे टिकला. तथापि वापरातील देवळांत तेल, शेंदूर, चुना व रंग यांच्या थरांनी कोरीव अक्षरे बुजण्याचा, तसेच जीर्णोद्धारात जुन्या शिळा हलविल्या किंवा बांधकामात वापरल्या जाण्याचा धोका असतो. शिळा मूळ जागेवरून हलली, की तिच्यावरील लेखाचा वास्तूशी असलेला संबंध तुटतो. गावाच्या सातशे वर्षांच्या इतिहासाचा मुख्य लेखी आधार मोजक्या ओळींचा असल्याने, त्या वाचता येतील अशा स्थितीत व आपल्या जागी राखणे अगत्याचे आहे.