साथ आणली कोणी? नवापूर, २००६

आज आपण नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरपासून सुरुवात करू. फेब्रुवारी २००६. शेडमध्ये कोंबड्या पटापट मरत होत्या. पोल्ट्रीवाल्यांना वाटलं, ही नेहमीची मानमोडी, म्हणजे राणीखेत. भोपाळच्या प्रयोगशाळेचं निदान आलं ते बर्ड फ्लूचं. भारतातली ही पहिलीच नोंद. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. मग प्रश्न आला, हे आणलं कोणी? बोट गेलं आकाशाकडे, थंडीत येणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांकडे.

हा संशय अगदीच निराधार नव्हता. कोंबड्यांच्या या रोगाचं वर्णन इटलीत पेरोनचितो यांनी १८७८ साली केलं. तो इन्फ्लुएन्झाच आहे हे १९५५ मध्ये कळलं. १९६१ ला दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सुरय पक्षी मोठ्या संख्येने मेले, आणि त्यांच्यात याच गटातला विषाणू सापडला. पुढे दिसून आलं, की रानबदकांच्या आतड्यात असे विषाणू राहतात, विष्ठेतून पाण्यात उतरतात, आणि बदक मात्र बहुधा ठणठणीत असतं.

पण इथे एक बारकावा आहे. बदकाकडचा विषाणू सहसा सौम्य असतो. एच५ आणि एच७ हे प्रकार दाटीने ठेवलेल्या कोंबड्यांत शिरले, की तिथे फिरता फिरता जहाल बनू शकतात. नवापूरच्या एच५एन१ चा माग १९९६ मधल्या, चीनच्या ग्वांगडोंगमधल्या पाळीव हंसांपर्यंत जातो. १९९७ ला हाँगकाँगमध्ये १८ माणसं आजारी पडली, ६ दगावली. २००५ मध्ये चिंघाय सरोवरावर हजारो रानपक्षी मेले. त्यांत आपल्या जायकवाडीला, उजनीला येतो तो पट्टकादंबही होता. म्हणजे जहाल रोग आधी पाळीव पक्ष्यांतून रानात गेला, आणि मग रानातून परत यायची वाट उघडली.

आता नवापूरकडे पुन्हा पाहू. फेब्रुवारीत पाहुणे पक्षी येऊन काही महिने झालेले असतात. पिल्लं, खाद्य, अंड्यांचे ट्रे आणि गाड्या मात्र रोज या गावाहून त्या गावाला जातात. पक्ष्याला दोष देणं सोपं, कारण तो उत्तर देत नाही. पण सगळा दोष त्याच्यावर टाकला, की आपल्या हातातलं काम राहून जातं, आणि पुढच्या साथीत पुन्हा त्याच पोल्ट्रीवाल्याचं घर बसतं. उडता पक्षी आपल्याला अडवता येत नाही. शेडला जाळी लावता येते, पाणी झाकता येतं, ट्रे धुता येतो.

इथे थांबू. आता प्रश्न घेऊ.